रेडमी नोट ४ रूट करताना: परतीची वाट आधी, मग पुढचं पाऊल

वडिलांच्या रेडमी नोट ४ मध्ये द्राक्षबागेच्या मजुरांची चार महिन्यांची हजेरी होती. छाटणीपासून विरळणीपर्यंत कोण कधी आलं, कुणाला किती उचल दिली, सगळं नोट्सच्या अ‍ॅपमध्ये. फोन रूट करायला, म्हणजे त्याच्या सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवायला, मी त्याचा बूटलोडर (फोन सुरू करणारी कुलूपबंद व्यवस्था) अनलॉक केला आणि ते सगळं पुसलं गेलं. फोटो मी कॉम्प्युटरवर घेतले होते, नंबर गुगलवर होते, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप होता. नोट्सचं मला सुचलंच नाही. पुढच्या दोन संध्याकाळी वडील टोळीच्या मुकादमाला समोर बसवून, त्याच्या खिशातल्या छोट्या वहीवरून हिशेब पुन्हा लिहून काढत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

तोच फोन नंतर नीट रूट झाला. आज तो मळ्यातल्या शेडवर कॅमेरा म्हणून चोवीस तास चालू असतो. मधल्या काळात मित्रांचे, पाहुण्यांचे बरेच जुने फोन हाताखालून गेले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. रूट करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण फोन वाचतो तो त्याआधी केलेल्या तयारीमुळे. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. ती ओलांडून थेट आज्ञा टाइप करायला जाऊ नका, ही विनंती.

उदाहरण शाओमी कंपनीच्या रेडमी नोट ४ चं घेतलं आहे. जानेवारी २०१७ मध्ये तो भारतात आला आणि इतका खपला की अजून अनेक घरांच्या कपाटात एखादा पडलेला सापडतो. शिकायलाही तो सोपा आहे, कारण त्यात रिकव्हरीचा, म्हणजे फोन सावरणाऱ्या छोट्या सिस्टमचा, कप्पा वेगळा आहे. नव्या फोनमध्ये काय बदलतं ते शेवटाकडे सांगितलं आहे.

आणखी एक. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या आणि दोन शब्दांमध्ये एकच मोकळी जागा सोडायची. डॉट म्हणजे टिंब, त्याच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही.

१. रूट कशासाठी हवंय ते आधी ठरवा

निम्म्या लोकांना रूटची गरजच नसते. नको असलेली कंपनीची अ‍ॅप काढायची असतील तर ते काम एडीबीने, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने, रूट न करताही होतं. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा फोन असेल तर जाहिराती बऱ्याच अंशी प्रायव्हेट डीएनएसच्या सेटिंगने अडवता येतात. एवढ्यासाठी रूटच्या वाटेला जाऊ नका.

रूट खरंच लागतं ते अशा कामांना: अ‍ॅपच्या आतल्या डेटासकट पूर्ण बॅकअप, चार्जिंगला ठरावीक टक्क्यांवर ब्रेक, प्रोसेसरच्या वेगावर ताबा, सिस्टमचा फाँट बदलणं. शेडवरचा फोन कायम चार्जरला असतो. तसा ठेवलेला फोन कायम १०० टक्क्यांवर राहतो आणि बॅटरी फुगू शकते. म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग बंद आणि ७० वर पुन्हा सुरू, असं मला हवं होतं. माझं कारण एवढंच होतं.

आता किंमत ऐका. रूट केलेल्या किंवा नुसता बूटलोडर उघडलेल्या फोनवर बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप कधी चालतात, कधी एका सकाळी अचानक बंद पडतात. गुगलची प्ले इंटिग्रिटी ही तपासणी फोनचा बूटलोडर उघडा आहे का ते बघते आणि त्यावर अनेक अ‍ॅप अवलंबून असतात. ही तपासणी चुकवायचे उपाय आहेत, पण ते दर थोड्या दिवसांनी निकामी होतात. ज्या फोनवर घरातले पैशांचे व्यवहार होतात तो फोन रूट करू नका. व्यवहार आधी दुसऱ्या फोनवर हलवा, तिथे दोन-तीन दिवस सगळं नीट चालतंय याची खात्री करा आणि मगच जुन्या फोनला हात लावा.

२. तीन शब्द समजून घ्या

पॉवरचं बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागा होतो तो बूटलोडर. तो बूट नावाच्या कप्प्यातला मजकूर कंपनीचाच आहे ना ते तपासतो आणि मग अँड्रॉइड सुरू करतो. कप्प्याला पार्टिशन म्हणतात. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे ही तपासणी सैल करणं. त्यामुळे आपण बनवलेल्या फाइलही फोन स्वीकारतो. दुसऱ्या कुणी टाकलेल्याही स्वीकारतो, म्हणून अनलॉक केलेला फोन चोराच्या हाती लागला तर आतला डेटा कमी सुरक्षित असतो.

रिकव्हरी ही फोनमधली दुसरी, छोटी सिस्टम. मुख्य अँड्रॉइड चालत नसेल तेव्हाही ती चालते. कंपनीच्या रिकव्हरीत अपडेट आणि फॅक्टरी रिसेट एवढंच जमतं. टीडब्ल्यूआरपी, म्हणजे टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट, त्या जागी बसवली की बॅकअप, रिस्टोअर, फाइल पाहणं, झिप बसवणं हे सगळं बोटाने स्क्रीनवर करता येतं.

रूट म्हणजे सिस्टमवरचा सर्वाधिकार. तो देणारं आज सर्वांत रुळलेलं साधन मॅजिस्क, जॉन वू यांनी बनवलेलं. मॅजिस्क सिस्टमच्या कप्प्याला हात लावत नाही, फक्त बूटच्या कप्प्यात बदल करतं. म्हणूनच मूळ बूट इमेज, म्हणजे त्या कप्प्याची पूर्ण फाइल, परत टाकली की रूट जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे अडलात तर इथूनच सुटका आहे.

३. फोन नेमका कोणता, याची खात्री करा

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त फोन बिघडले ते इथे. रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन फोन आहेत. भारतात विकला गेला तो स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसरचा, त्याचं सांकेतिक नाव मिडो. चीनमध्ये आधी आलेला मीडियाटेक हेलिओ एक्स२० प्रोसेसरचा, त्याचं नाव निकेल. बाहेरून पाहिले तर दोघे भाऊ वाटतील. आतून काहीच जुळत नाही. निकेलची फाइल मिडोवर टाकली तर उत्तम शक्यता ही की फोन ती नाकारेल. वाईट शक्यता न सांगितलेली बरी.

खोक्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका, फोनलाच विचारा. एडीबी जोडल्यावर (ते कसं, ते सहाव्या आणि सातव्या पायरीत आहे) ही आज्ञा द्या:

एडीबी शेल गेटप्रॉप आरओ डॉट प्रॉडक्ट डॉट डिव्हाइस

ही शेवटची तीन नावं टिंबाने जोडून, मोकळी जागा न सोडता लिहायची. उत्तर मिडो आलं पाहिजे. यापुढे जी फाइल डाउनलोड कराल तिच्या नावात हाच शब्द हवा.

४. सामान

- विंडोज असलेला लॅपटॉप. अनलॉकचं अधिकृत साधन विंडोजवरच चालतं. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. फ्लॅश मारताना, म्हणजे फोनच्या कप्प्यात फाइल लिहिताना, मध्येच लाइट गेली तर ते काम अर्धवट राहतं.
- डेटा वाहून नेणारी मायक्रो यूएसबी केबल. बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. फोन जोडल्यावर लॅपटॉपवर फोनचे फोटो दिसले तर केबल चालेल.
- यूएसबी २ चं पोर्ट. जुने स्नॅपड्रॅगन फोन फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून फाइल टाकायच्या मोडमध्ये) निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टवर अनेकदा अडतात. असं पोर्ट नसेल तर साधा यूएसबी २ चा हब मध्ये लावा.
- चालू सिमकार्ड आणि त्यावर इंटरनेट. ते का, ते अनलॉकच्या पायरीत कळेल.
- मेमरी कार्ड, शक्यतो ३२ जीबी. या फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड एकाच खाचेत बसतात, तेव्हा दुसरं सिम थोडा वेळ काढावं लागेल.
- अँड्रॉइडच्या अधिकृत विकसक साइटवरून घेतलेलं प्लॅटफॉर्म टूल्स. एडीबी आणि फास्टबूट त्यातच असतात.
- मी अनलॉक हे शाओमीचं साधन आणि मी अकाउंट. इथलं 'मी' म्हणजे शाओमीचं एमआय हे नाव.
- टीडब्ल्यूआरपीच्या अधिकृत साइटवरची मिडोची इमेज.
- मॅजिस्कचं अ‍ॅप, फक्त गिटहबवरच्या त्याच्या मूळ पानावरून. मॅजिस्कच्या नावाच्या बऱ्याच खोट्या साइट आहेत आणि शोधात त्या वरही येतात. ज्या अ‍ॅपला फोनचा सर्वाधिकार देणार, ते अनोळखी ठिकाणाहून घेऊ नका.
- मिडोचा मूळ फास्टबूट रॉम, म्हणजे कंपनीची पूर्ण सिस्टम. लागेल तेव्हा डाउनलोड करू, असं म्हणू नका. फोन बंद पडल्यावर रात्री अकराला दीड-दोन जीबीची फाइल शोधत बसणं फार वाईट असतं.

सगळं एका साध्या फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हच्या मुळाशी. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं नकोत. टीडब्ल्यूआरपीच्या फाइलचं नाव बदलून नुसतं टीडब्ल्यूआरपी करा म्हणजे टाइप करायला सोपं जाईल. एक खाचखळगा: विंडोज फाइलचं शेपूट लपवतं. तुम्ही शेवटी आयएमजी लिहिलंत तर खरं नाव आयएमजी डॉट आयएमजी होऊन बसतं आणि फास्टबूट म्हणतं फाइल सापडत नाही. व्ह्यू मेनूत जाऊन फाइलची शेपटं दिसतील असं करून घ्या.

आणि फोनची बॅटरी बघा. मागचं कव्हर किंवा स्क्रीन जरा उचललेली वाटली तर आधी बॅटरी बदला, रूटचं नंतर. बॅटरी ठीक असेल तर ६० टक्क्यांच्या वर चार्ज हवी.

५. डेटा बाहेर काढा, यादी करून

बूटलोडर अनलॉक झाला की फोनच्या आतली सगळी साठवण पुसली जाते. हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. नाहीतर चोरानेही अनलॉक करून आतलं वाचलं असतं.

फोटो आणि नंबर सगळ्यांना आठवतात. जे आठवत नाही त्याची यादी मी आता कागदावर ठेवतो: नोट्स, कॉल रेकॉर्डिंग, आवाजाच्या नोंदी, एसएमएस, सिमवर नसून फोन मेमरीत ठेवलेले नंबर, ओटीपीची ऑथेंटिकेटर अ‍ॅप, डाउनलोडमधले सातबाराचे उतारे आणि पावत्या. नोट्स शाओमीच्या मी क्लाउडवर जातात, पण सिंक चालू असेल तरच. वडिलांच्या फोनवर ते बंद होतं. तेव्हा क्लाउडवर आहे असं गृहीत धरू नका. दुसऱ्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये उघडून डोळ्यांनी बघा.

फोन दुसऱ्याचा असेल तर त्याला शेजारी बसवा. प्रत्येक अ‍ॅप उघडून विचारा, यातलं काही हवंय का. अर्धा तास जातो, पण यातला कुठलाही भाग मी आता वगळत नाही.

शेवटी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा आणि दोन्ही १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, कागदावर लिहून ठेवा.

६. बूटलोडर अनलॉक

एमआययूआय म्हणजे शाओमीने बदललेलं अँड्रॉइड. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. ते अ‍ॅडिशनल सेटिंग्जच्या आत असतात. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करा.

त्याच यादीत मी अनलॉक स्टेटस आहे. वायफाय बंद करा, सिमचं इंटरनेट चालू करा आणि इथे तुमचं मी अकाउंट फोनशी जोडा. वायफायवरून हे होत नाही. लोक याच ठिकाणी तासन्‌तास अडतात.

आता फोन बंद करा. व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर एकत्र दाबून ठेवा. टोपी घातलेला ससा अँड्रॉइडचा रोबो दुरुस्त करतोय असं चित्र आलं की तुम्ही फास्टबूटमध्ये आहात. फोन जोडा, मी अनलॉक उघडून त्याच अकाउंटने आत जा आणि अनलॉक दाबा.

पहिल्या वेळी बहुतेक करून नकार येतो: इतक्या तासांनी या. कुणाला ७२ तास, कुणाला १६८, कुणाला ३६०. मला १६८ आले, म्हणजे पूर्ण आठवडा. या काळात अकाउंट काढून पुन्हा जोडू नका, फोनवरून लॉगआउट होऊ नका, फॅक्टरी रिसेट करू नका. घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. फोन नेहमीसारखा वापरत राहा आणि मुदत संपल्यावर तेच पुन्हा करा. पैसे दिले तर लगेच अनलॉक करून देतो म्हणणारे लोक भेटतील. ते तुमचं अकाउंट मागतात किंवा कॉम्प्युटरचा दूरून ताबा मागतात. आठवडा थांबणं स्वस्त पडतं.

अनलॉक झाल्यावर फोन कोरा होऊन सुरू होतो आणि बूट होताना स्क्रीनच्या तळाशी अनलॉक्ड असं दिसतं. नुसती जुजबी सेटिंग करा, स्क्रीन लॉक लावू नका, यूएसबी डीबगिंग पुन्हा चालू करा. स्क्रीन लॉक का नको ते पुढच्या पायरीत आहे.

७. रिकव्हरी आधी तात्पुरती चालवा आणि मूळ फोनचा बॅकअप घ्या

ही पायरी बहुतेक जण वगळतात. मी हिलाच सर्वांत जास्त मानतो.

फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडा आणि फोन जोडा.

एडीबी डिव्हायसेस

फोनच्या स्क्रीनवर परवानगी विचारली जाईल, ती द्या. कमांड विंडोत एक लांब क्रमांक आणि पुढे डिव्हाइस असा शब्द दिसला पाहिजे. अनऑथराइज्ड दिसलं तर फोनच्या स्क्रीनवर परवानगी अजून वाट बघतेय. मग:

एडीबी रीबूट बूटलोडर

फास्टबूट डिव्हायसेस

दुसऱ्या आज्ञेला काहीच उत्तर आलं नाही, किंवा वेटिंग फॉर एनी डिव्हाइस लिहून विंडो थांबली, तर ड्रायव्हरची गडबड आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या त्रिकोणासह अँड्रॉइड अशी ओळ दिसेल. तिच्यावर राइट क्लिक करून ड्रायव्हर यादीतून निवडायचा: अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस. एवढ्याने सुटलं नाही तर पोर्ट आणि केबल बदलून बघा.

आता:

फास्टबूट बूट टीडब्ल्यूआरपी डॉट आयएमजी

इथे फ्लॅश हा शब्द नाही, बूट आहे. फोन ही रिकव्हरी मेमरीत घेऊन एकदाच चालवतो, कुठल्याच कप्प्यावर काही लिहिलं जात नाही. फाइल चुकीची असली तर पॉवर दाबून धरा, फोन होता तसा परत येतो.

टीडब्ल्यूआरपी उघडताच विचारते, सिस्टम फक्त वाचण्यापुरती ठेवायची की बदल करू द्यायचे? या वेळी फक्त वाचण्यापुरती निवडा. पुन्हा विचारू नका या चौकटीवर खूण करू नका, कारण पुढे उलटं उत्तर द्यायचं आहे. पासवर्ड विचारला तर तुमचा डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलपात, आहे. स्क्रीन लॉक नसेल तर ही अडचण सहसा येत नाही. फाइलची नावं अगम्य अक्षरांची दिसली तर ओळखायचं की तो डेटा उघडलेला नाही, आणि त्याचा बॅकअप उपयोगाचा नाही.

बॅकअपमध्ये जाऊन जागा म्हणून मेमरी कार्ड निवडा. खुणा करा: बूट, सिस्टम, डेटा आणि ईएफएस. पर्सिस्ट दिसत असेल तर तेही. मग खालची पट्टी सरकवा.

ईएफएस छोटंसं असतं पण त्यात फोनची आयएमईआय आणि नेटवर्कची माहिती असते. दुसरा रॉम टाकताना ते बिघडलं की फोन सगळं करतो, फक्त सिम पकडत नाही. तुमच्याच फोनचा जुना ईएफएस हातात असेल तर तो पाच मिनिटांत रिस्टोअर होतो. नसेल तर लोक आयएमईआय लिहिणाऱ्या भलत्या साधनांकडे वळतात. तिकडे जाऊ नका. भारतात आयएमईआयमध्ये फेरफार करणं कायद्याने गुन्हा आहे. म्हणून दुसऱ्या फोनचा ईएफएस बॅकअपही आपल्या फोनवर टाकायचा नाही, त्याने दुसऱ्याची ओळख इकडे येते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. टीडब्ल्यूआरपीचा डेटा बॅकअप अ‍ॅप आणि सेटिंग घेतो, पण आतल्या साठवणीतले फोटो, व्हिडिओ, डाउनलोड घेत नाही. ते वेगळे कॉपी करावे लागतात.

बॅकअप संपला की कार्डवरचं टीडब्ल्यूआरपी फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. शक्य असेल तर ईएफएस तिसऱ्या ठिकाणीही ठेवा. इतकं झालं की परतीची वाट बांधली गेली.

८. मॅजिस्क

बूट इमेज कुठून आणायची, असा प्रश्न नवख्यांना पडतो. ती तुमच्याकडे आली आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये बूट डॉट ईएमएमसी डॉट विन नावाची फाइल आहे, तीच तुमच्या फोनची मूळ बूट इमेज. तिची एक प्रत काढून नाव बूट डॉट आयएमजी करा. दुसऱ्या कुणाची उचललेली इमेज वेगळ्या व्हर्जनची असू शकते. ही मात्र नेमकी तुमच्या सिस्टमची आहे.

ती फोनच्या डाउनलोडमध्ये टाका. मॅजिस्कचं अ‍ॅप बसवा, त्यात इन्स्टॉल दाबा, फाइल निवडून पॅच करा हा पर्याय घ्या आणि ती इमेज दाखवा. डाउनलोडमध्ये मॅजिस्क पॅच्ड अशा नावाने सुरू होणारी नवी फाइल तयार होते. ती लॅपटॉपवर घ्या आणि नाव छोटं करा, समजा पॅच्ड डॉट आयएमजी. फोन फास्टबूटमध्ये नेऊन आधी हिलाही तात्पुरतं चालवा:

फास्टबूट बूट पॅच्ड डॉट आयएमजी

अँड्रॉइड नीट सुरू झालं आणि मॅजिस्कच्या अ‍ॅपमध्ये व्हर्जनचा आकडा दिसला, तरच पुन्हा फास्टबूटमध्ये येऊन कायमचं लिहा:

फास्टबूट फ्लॅश बूट पॅच्ड डॉट आयएमजी

फास्टबूट रीबूट

पहिल्या आज्ञेनंतर ओके आलं पाहिजे. सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, दहा मिनिटं केबल ओढू नका.

फोन रूट झाला.

९. रिकव्हरी कायमची बसवा

बरेच लोक आधी रिकव्हरी बसवतात आणि मग रूट. या फोनवर मी क्रम मुद्दाम उलटा ठेवतो, त्यामागे कारण आहे. एमआययूआय प्रत्येक बूटच्या वेळी बघते की रिकव्हरी आपलीच आहे ना, आणि नसेल तर कंपनीची परत लिहिते. म्हणून टीडब्ल्यूआरपी टाकून फोन सरळ सुरू केला की ती गायब होते. हे थांबवायला सिस्टममध्ये एक छोटा बदल लागतो, तो टीडब्ल्यूआरपी स्वतः करते. पण सिस्टम बदललेली दिसली की मूळ बूट इमेजमधली डीएम व्हेरिटी ही तपासणी फोन सुरूच होऊ देत नाही, लोगोवर अडकवते. मॅजिस्कने पॅच केलेल्या बूटमध्ये ही तपासणी काढलेली असते. म्हणून बूट आधी, रिकव्हरी नंतर.

फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी टीडब्ल्यूआरपी डॉट आयएमजी

फास्टबूट बूट टीडब्ल्यूआरपी डॉट आयएमजी

लिहिल्यानंतर लगेच तीच फाइल चालवली, म्हणजे बटणं नेमक्या क्षणी सोडायची कसरत करावी लागत नाही. या वेळी बदल करू द्या म्हणून पट्टी सरकवा. मग रीबूटमध्ये रिकव्हरी निवडा. टीडब्ल्यूआरपी पुन्हा उघडली तर ती कप्प्यात बसली आहे. मग रीबूट करून सिस्टममध्ये जा. जाताना टीडब्ल्यूआरपीचं अ‍ॅप बसवू का विचारलं तर नको म्हणा, त्याची गरज नाही. पुढे कधीही व्हॉल्यूम अप आणि पॉवर दाबून रिकव्हरीत जाता येईल.

१०. अडकलात तर

फोन लोगोवरच फिरतोय, म्हणजे बूटलूपमध्ये आहे, तर घाबरून सगळं पुसू नका. मागची कृती कोणती होती ते आठवा. मॅजिस्कचं मोड्यूल, म्हणजे त्याला जोडायचा जादा भाग, बसवल्यावर झालं असेल तर टीडब्ल्यूआरपीत जा, फाइल मॅनेजरमधून डेटा, त्यात एडीबी, त्यात मोड्यूल्स असं आत जाऊन त्या मोड्यूलचं फोल्डर काढा. बूट इमेजमुळे असेल तर जपून ठेवलेली मूळ बूट डॉट आयएमजी फास्टबूटने फ्लॅश करा. पण नवव्या पायरीनंतर सिस्टम बदललेली असते, मग नुसती मूळ बूट पुरत नाही. बॅकअपमधली सिस्टम आणि बूट दोन्ही रिस्टोअर करा.

टीडब्ल्यूआरपीमधला वाइप आणि फॉरमॅट डेटा यांतला फरक ओळखा. साधं वाइप आतल्या साठवणीतल्या फाइल ठेवतं. फॉरमॅट डेटा एन्क्रिप्शनसकट सगळं उडवतं, म्हणूनच ते आधी येस टाइप करायला लावतं. तो शब्द विचारला की थांबून पुन्हा वाचा.

फोन फास्टबूटमध्ये जातोय तोवर तो मेलेला नाही. ससा दिसतोय ना, मग रात्री झोपा आणि सकाळी शांत डोक्याने बसा. माझ्या हातून जे बिघडलं त्यातलं बरंचसं मध्यरात्रीनंतरच्या घाईतलं आहे.

११. फोन दुसरा असेल तर

इथल्या आज्ञा जशाच्या तशा दुसऱ्या फोनवर चालवू नका. तत्त्व तेच राहतं, कप्पे बदलतात.

बऱ्याच नव्या फोनमध्ये ए आणि बी असे कप्प्यांचे दोन संच असतात आणि रिकव्हरीचा वेगळा कप्पाच नसतो. अँड्रॉइड १३ सोबत बाजारात आलेल्या अनेक फोनमध्ये बूटऐवजी इनिट बूट नावाची इमेज पॅच करावी लागते. सॅमसंगला फास्टबूट नाही, तिथे डाउनलोड मोड आणि ओडिन हे साधन लागतं. अनधिकृत फाइल टाकताच नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो, आणि तो मूळ सिस्टम टाकूनही परत येत नाही. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं बंद केलं. शाओमीच्या हायपरओएस ही नवी सिस्टम असलेल्या फोनना कम्युनिटी अ‍ॅपमधून आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून फोन विकत घेण्याआधीच तो अनलॉक होतो का ते बघा.

रेडमी नोट ५ प्रो, सांकेतिक नाव व्हायरेड, ज्यांच्याकडे आहे त्यांनी विशेष जपावं. त्यात अँटी रोलबॅक आहे. नव्या सिस्टमवरून जुनी टाकायला गेलात तर फोन कायमचा बंद पडू शकतो. आधी विचारा:

फास्टबूट गेटव्हार अँटी

उत्तरातला आकडा ४ असेल तर त्याहून कमी आकड्याचा जुना रॉम फास्टबूटने टाकायचा नाही.

१२. पूर्ण मागे फिरायचं असेल

फोन विकायचा किंवा घरच्यांना पुन्हा साधा करून द्यायचा असेल तर कंपनीचा फास्टबूट रॉम मी फ्लॅश या साधनाने टाकतात. रॉम उलगडा, फोन ससा दाखवत जोडा, फोल्डर निवडा. आता फ्लॅशचं बटण दाबण्याआधी खिडकीच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे तीन-चार पर्याय असतात आणि क्लीन ऑल अँड लॉक हा बहुधा आधीच निवडलेला असतो. अक्षरं बारीक आहेत, नजरेतून सुटतात. तो तसाच राहिला तर रॉम टाकून झाल्यावर बूटलोडर पुन्हा लॉक होतो. रॉम चुकीच्या देशाचा किंवा अर्धवट असेल तर लॉक झालेला फोन सुरूही होत नाही आणि काही टाकूही देत नाही. क्लीन ऑल निवडा. फोन सुरू होऊ द्या, सिम पकडतंय का, स्टार हॅश शून्य सहा हॅशवर कागदावरचेच आयएमईआय येतात का, कॅमेरा आणि स्पीकर चालतात का ते बघा. लॉक करायचंच असेल तर एवढं सगळं जुळल्यावर, तोच रॉम पुन्हा टाकताना.